दोन घंट्या अन् बाहेरची कडी

कडी निघत नोती. कडीत तार मुरडलेली होती, मीच मुरडली होती सकायी, आन् आता तीच तार माह्या बोटाले सुटत नोती. लोखंड असं तापलं होतं का हात लावला तं कातडं चिकटे. दाराच्या फटीतून धूर बाहेर येऊन राहिला होता, जसा कोनी आतून ढकलून राहिलं. मी बोंबलली, "सरका, दाराजवून सरका!" आतले हे, माहे मालक, जन्माचे बहिरे, त्याइले काय आयकू जाते, पन मानसानं तोंड बंद तरी कसं ठेवाव. मंग पदर हाताले लपेटला आन् देवाचं नाव घेऊन तार वढली. दार उघडलं तं हे दाराशीच बसले होते, पाठ आगीकडं, पोटाशी पोरगी, आन् दोघाइवर रांजनात बुचकाडलेली वली गोधडी. पोरगी खोकलत होती. खोकलत होती म्हंजे जित्ती होती. ह्याइच्या हाताकडं मी पाह्यलं आन् मंग पाह्यलं नाई. पेटलेला कापूस त्याइनं हातानंच मांघं लोटला होता.

आमच्या ठान्याचे तवाचे ठानेदार साहेब आता रिटायर झाले, नोकरीतल्या केसी लिहून राहिले. म्हने, बाई, ही केस तूच सांग, मी लिहून घेतो. म्हने, सुरुवात अशी करतात का ती घटना आजही आठवते. मी म्हनलं, साहेब, आठवाले आंधी विसराव लागते. मी चौथीपर्यंत शिकली, वाकडं-तिकडं सांगीन, तुमी सरकं करू नका. नाव कोनाचं टाकू नका, गावाचंही नाई. ते हो म्हनले. पाहू.

कडी काहून लावत होती ते आंधी सांगतो, कारन सारी केस त्या कडीवरच उभी होती.

हे अमरावतीच्या बहिऱ्याइच्या शायेत शिकले, तथीच शिलाई शिकले, मशीन घरीच, मांघच्या खोलीत. मी जिनिंगमंधी कापसातला कचरा येचाले जात होती, घरापासून हाकेवर. पोरगी तीन वर्साची. आन् घर कसं, तं रस्त्याले चिकटून, दिवसभर कापसाच्या गाड्या. त्याच्या आंधीच्या साली हे मशीनवर पाय मारत होते, पोरगी मांघून उठली आन् रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली. एका ट्रकवाल्यानं हातभर अंतरावर गाडी थांबवली. तो बोंबलला, लोकं बोंबलले, आन् हे आतमंधी गुंड्या लावत बसलेले. त्या दिवशी आमी दोघं समोरासमोर बसलो आन् ठरवलं का आतली कडी पोरगीच काढते, तं मी जाताना बाहेरून कडी लावाव. दोघाइनं ठरवलं. हे नीट लिहा साहेब.

आन् कडी काढासाठी मिसकॉल. आमच्याजवय दोन जुने डबडे फोन होते. खिशात फोन थरथरला का ह्याइले समजते. हे लावताना घंट्या अंदाजानं बोटावर मोजत. एक घंटी देऊन बंद केला म्हंजे सारं ठीक. दोन घंट्या म्हंजे येऊन कडी काढ, बाहेर जाचं आहे, कारन संडास अंगनात. तीन म्हंजे पोरीले बरं नाई. एवढ्यात आमचा संसार चाले.

आग लागली याची घंटी आमी ठरवलीच नोती. कोन ठरवते?

त्या साली कापसाले भाव नोता. लोकाइनं इकला नाई, घरातच भरून ठेवला, झोपाले जागा नाई अशी गत. आमच्या पुढच्या खोलीत जेठाचा, म्हंजे ह्याइच्या मोठ्या भावाचा कापूस, आढ्याले टेकलेला, मधून दारापर्यंत जाले बोळकांडी तेवढी. लोडशेडिंग होती. अकराच्या आसपास लाईन आली आन् उघड्या वायरची ठिनगी कापसात पडली. हे मंग पंचनाम्यात निघालं. कापूस आंधी आतल्या आत जयते, आवाज करत नाई. आवाज केला असता तरी ह्याइले काय.

माह्या फोनवर दोन घंट्या आल्या. मी पाह्यल्या. मनात म्हनलं, संडासले जाचं असन, थांबतीन थोडसे. मुकादम सकायीच बोलला होता मले, का तुह्या नवऱ्याच्या पोटाले टाइमटेबल नाई काय म्हनून, आन् साऱ्या बाया हासल्या होत्या. पुन्हा दोन घंट्या. मी हातातला ढीग पुरा करत होती. पुन्हा दोन. पुन्हा दोन. असं हे कधी करत नाई. मंग मी पयत सुटली. तेवढा टाइम, एक ढीग येचाचा, तो माह्यावर आहे. तो मी कोनावर ढकलत नाई.

आगीची गाडी आली तवा इझवाले काई उरलं नोतं. जेठ आले. जयलेलं दार पाह्यलं, कडी पाह्यली, कडीतली तार पाह्यली. माह्याशी बोलले नाई, सरके ठान्यात गेले. भावजयीनं माह्या भावाले कोंडलं आन् पेटवून देलं, असं सांगतलं. सकायी आमचं भांडनही झालं होतं, खरी गोष्ट आहे. आमी हातानं भांडतो, आन् हाताचं भांडन आयकू येत नाई पन चार घरं दुरून दिसते. ते बी सांगनारे निघाले. जेठ खोटा मानूस नाई. त्याइले पहिल्यापासून वाटे का मी त्याइच्या भावाले ढोरासारकी बांधून ठेवतो.

हे अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात, आन् मले ठान्यात बसवलं. पोरगी मांडीवर. महिला शिपाई दुसऱ्या ठान्यातून याची होती, ती आली का अटक, असं जमादार म्हने. जमादार म्हंजे पोट सुटलेला, कानात अत्तराचा फाया घालनारा मानूस. तोच लिहून घेत होता.

"का वं, नवऱ्याले कोंडून कोनाकडं जात होती?"

"जिनिंगमंधी. मुकादमाले इचारा."

"तोंड लय चालते तुहं."

"घरात एकच चालते जमादार, दोघाइचं काम त्यालेच कराव लागते."

पेन आपटला त्यानं. दारात जेठ उभे होते, ते त्याले म्हनले, "पोरगी माह्याकडं द्या साहेब, मी नेतो. तिच्या मायचा भरवसा नाई." हे आयकलं आन् मी पोरगी पदराखाली घेतली. जेलात जाचं भेव होतं, पन त्याच्याहून मोठं भेव हे, का पोरगी जेठाकडं जाईन, हे दवाखान्यातून येतीन, त्याइच्या हाताले कोनी समजनार नाई, आन् पोरगी मोठी होईन ते मायनं बापाले जायलं हे आयकत.

ठानेदार साहेब आले. हळू बोलनारा मानूस. हळू बोलनाऱ्याचं मले जास्त भेव वाटते.

"कडी तू लावली?"

"हो."

"तार तू मुरडली?"

"हो. नुसत्या कडीले पोरगी आतून दार हलवे, तं कडी निघे."

"मग आता काय राहिलं सांगायचं?"

"त्याइले इचाराचं राहिलं."

"त्यांना बोलता येत नाही."

"येते. मी समजून सांगतो ना."

"तू आरोपी आहेस बाई. तुझ्याच तोंडून त्यांचा जबाब मी कसा घेऊ?"

हे त्याइचं बरोबर होतं, ते मले तवाच समजलं. पन मंग त्याइच्यासाठी बोलन कोन? मी उभी राहिली. म्हनलं, "तं दुसरं मानूस आना. अमरावतीले त्याइची शाया आहे, मास्तर आहे. चोर पकडाले अमरावतीले जाता, मास्तर आनाले जीप जात नाई काय? त्याइचा जबाब घेतल्याबिगर मी कशावर अंगठा देनार नाई, सही देनार नाई, आन् पोरगी तं कोनालेच देनार नाई. माराव लागत असन तं मारा."

जमादार अंगावर आला. साहेबानं हात वर केला. मंग म्हनले, "गाडी काढा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मास्तर आले, पिकल्या केसाइचे, ह्याइच्या लहानपनचे. मी आरोपी म्हनून मले खोलीत जाऊ देलं नाई. व्हरांड्यात उभी, एका हातात पोरगी, दुसरा हात जमादारानं धरलेला. दाराच्या काचेतून दिसे. ह्याइचे दोनी हात कोपरापर्यंत पट्टीत. ज्या मानसाची जबान हातात, त्याचे हातच बांधलेले. मास्तर इचारत, हे मानेनं हो-नाई सांगत. कडी कोनी लावली याचं उत्तर मानेनं देता येते. काहून लावली याचं कसं द्याव?

ह्याइच्या डोयातून पानी आलं. मंग त्याइनं पट्टीचा हात उचलला आन् खाटेच्या लोखंडावर मारला. धप, धप. थांबले. पुन्हा धप, धप. थांबले. दुखत असन किती, तोंड वाकडं होत होतं, पन थांबत नोते.

मास्तर म्हनले, "साहेब, हे काय सांगतो आहे मला कळत नाही. आमच्या खुणांमध्ये असं काही नाही."

मी बाहेरून काचेवर डोकसं आपटलं. "कडी काढ म्हनतात ते! दोन घंट्या म्हंजे कडी काढ! मिसकॉल आहे तो, मिसकॉल!"

साहेब दारात आले आन् मले मिसकॉलचं सारं इचारलं. एक काहून, दोन काहून, तीन काहून. मी सांगत होती आन् माह्या हातावरची जमादाराची पकड ढिल्ली झाली. मले वाटलं मले सोडलं. पाह्यलं तं त्याचं तोंड पांढरंफटक.

"साहेब," तो म्हनला, "त्या दिवशी ठान्याचा फोन असाच वाजून राहिला होता. दोन घंट्या, बंद. दोन घंट्या, बंद. एक डाव मी झटक्यानं उचलला. तिकून नुसतं आ... आ... असं. मले वाटलं बेवडा आहे. मी शिवी देऊन ठेवला."

आतून धप, धप चालूच होतं, मास्तरनं जाऊन तो हात धरला तवा थांबलं.

ठान्यात साहेबानं स्टेशन डायरी काहाडली. त्या दिवसाचं पान. जमादाराच्याच अक्षरात: "अज्ञात इसमाचे वारंवार खोडसाळ फोन. बोलत नाही, तोंडाने विचित्र आवाज काढतो. नंबर नोंद केला. पुढील कारवाई करणे." नंबर ह्याइचा. ह्याइचा फोन जेठाजवय होता, तो मांगवला. त्यात लावलेले नंबर पाह्यले: आगीच्या गाडीचा, ठान्याचा, माहा, पुन्हा आगीच्या गाडीचा, पुन्हा ठान्याचा, पुन्हा माहा, असेच फिरून फिरून. फुकटच्या क्यालेंडरवर हे नंबर छापलेले असतात, ते भिंतीवर होतं. ह्याइनं साऱ्या सरकारले सांगतलं होतं, दोन घंट्या, कडी काढा. त्याइले वाटलं जे बायकोले समजते ते सरकारले समजन.

एकाच ठान्यात दोन कागद होते साहेब, एक माह्यावर आन् एक ह्याइच्यावर. मले पकडाचं कारन का नवऱ्याले कोंडलं, आन् त्याइले पकडाचं कारन का कोंडल्यावर हाका काहून मारल्या.

साहेबानं ते पान जमादाराले जेठासमोर मोठ्यानं वाचाले लावलं. त्यानं वाचलं. अर्ध्यात आवाज बसला त्याचा, पन पुरं वाचलं, हेही सांगतो. जेठ खाली फरशीवर बसले. आमच्यात जेठ भावजयीशी सरकं बोलत नाई. ते पोरीकडं पाहून म्हनले, "तुह्या मायले सांग, घरी चाल म्हना."

मीबी पोरीलेच म्हनलं, "तुह्या मोठ्याबाले सांग, घर जयलं. आंधी दवाखान्यात चालतो."

केस निकाली निघाली. मंग साहेबानं ठान्यात फोनच्या वरती भिंतीवर लिहून घेतलं: समोरचा बोलत नसेल तर फोन ठेवू नका. बीटवाल्या शिपायाइले सांगतलं, कोनत्या घरात बहिरं आहे, आंधयं आहे, खाटेवर पडलेलं आहे, दार कोनत्या बाजूनं उघडते, लिहून आना. वर चिठ्ठी पाठवली, का आगीच्या नंबरावर लिहून पाठवता आलं पायजे, न बोलनाऱ्यासाठी. वरून काई आलं नाई. साहेब रिटायर झाले आन् ठान्याले रंग देला. मी पाहाले गेली. भीत भीत गेली, पन गेली.

म्हनलं, "अथी काई लिहिलं होतं."

नवा जमादार म्हने, "रंग झाला बाई."

"तं पुन्हा लिहा."

"वरून आर्डर पायजे."

त्याच्यानंतर तीन डाव गेली. आताही जातो. मले पाह्यलं का ते म्हनतात, आली मिसकॉलवाली. म्हना.

साहेब म्हनतात, शेवटी केसनं काय शिकवलं ते लिहाव लागते. त्याइचं त्याइनं सांगतलं, ते असं: "मी पस्तीस वर्षं न बोलणाऱ्यांना बोलतं करण्यात घालवली. आणि एक माणूस स्वतःहून सांगत होता, तर आम्ही फोन ठेवला." ते त्याइचं. लिहिताना त्याइनं चश्मा काहाडला होता, हे ते लिहिनार नाई म्हनून मी सांगतो.

माहं दुसरं आहे. मले साऱ्याइनं इचारलं, ठान्यात, जिनिंगमंधी, पान्याच्या नळावर, का कडी काहून लावली, पहिल्याच घंटीले काहून नाई पयाली. मी उत्तर देलं, लपवलं नाई काई. आता मी इचारतो. तुमी दुपारचे जेवाले बसले. फोन वाजला, दोन घंट्या, बंद. पुन्हा दोन, बंद. तुमी उचलला तं तिकून नाव नाई, गाव नाई, नुसता एका मानसाचा आ... आ... आवाज. हातात घास.

तुमी काय केलं असतं?