पाहुण्याला आधी पाणी

आज सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि गंजाचा, गाळाचा तो जुना वास नाकात शिरला.

खानदेशातल्या आमच्या शहराची मी महापौर झाले, त्याच आठवड्यात एका वस्तीत माझा सत्कार होता. गळ्यात झेंडूचे हार, पुढे ढोल. पाहुण्याला आधी पाणी द्यायची आपली रीत, म्हणून एका म्हाताऱ्या अक्कांनी माझ्यापुढे तांब्या धरला. आतलं पाणी चहासारखं तांबडं होतं.

"हाई आमनं रोजनं पानी शे, माय. पे."

मागून अधिकारी कुजबुजले, "मॅडम, बाटली आणलीय."

ढोल थांबला. मी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा केला. दातांत रेती कचकचत होती. म्हटलं, "अक्का, चहा आता पाणी स्वच्छ आल्यावरच घेईन." आणि नवी पाइपलाइन पडल्यावरच तिथं चहा घेतला.

तेव्हा वाटायचं, काय धाडस केलं मी! आज कळतं, धाडस अक्कांचं होतं.

माझं पद कधीच गेलं. पण आत्ता नळाखाली तांब्या भरून घेतलाय आणि नव्या महापौरांच्या घरी निघाले आहे. ते चहा विचारतीलच. आधी त्यांनी हे पाणी प्यायचं.