वरच्या वाडीचा सोमवार

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या गावात दोन वाड्या, मधे एक ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना एकमेकांबद्दल भरपूर मतं. सुनील खालच्या वाडीचा. महाडच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात कारकून; पोलादपूरवरून रोज एसटीने जा-ये. कामगारांच्या पाळ्यांचे तक्ते हाताने आखून कंटाळला आणि बाजारपेठेतल्या देवव्रत सरांच्या कॉम्प्युटर क्लासला लागला. तिथे त्याला एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे बटण दाबलं की आपोआप काम उरकणाऱ्या सूचना, लिहिण्याचं वेड लागलं. किती, तर बहिणीच्या लग्नातल्या पंगतींच्या याद्यासुद्धा त्याने बटण दाबून छापून काढल्या. त्यात नवरीचा मामा राहून गेला, पण तो विषय आता घरात कोणी काढत नाही.

देवव्रत सर एक गोष्ट घोकून घ्यायचे. "एक्सेलला पत्ता वरून खाली सांगायचा. आधी फाइल, मग तिच्यातलं पान, मग पानावरची रेंज, म्हणजे चौकटी. नुसतं रेंज म्हणून सोडलंत, तर त्या घडीला जे पान समोर उघडं असेल त्याचीच चौकट ते उचलतं. वर तक्रारही करत नाही."

सुनील मान हलवायचा. मान हलवण्यात तो वर्गात पहिला होता.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. कोणत्या दिवशी कोणाच्या अंगणात, हे येसाजी गुरव तोंडी सांगायचे आणि मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत पोचेतो त्याचं काहीही व्हायचं. दोन हजार तीन साली सुनील बैठकीत उभा राहिला. "येसाजीकाका, मी छापून देतो." दिलं. फाइलमध्ये प्रत्येक वाडीचं एक पान. वर बी-वन चौकटीत वार, खाली घरं आणि वेळा. मॅक्रोने एकेका वाडीचा कागद काढायचा. घरं आणि वेळा उचलताना सुनीलने पानाचं नाव नीट लिहिलं. वार मात्र शेवटी आठवला. तिथे घाईघाईत नुसतंच रेंज बी-वन लिहून मोकळा झाला. समोर उघडं होतं खालच्या वाडीचं पान. साहजिकच होतं, आपली वाडी माणूस आधी उघडतो. छापल्यावर त्याने तपासलाही आपल्याच वाडीचा कागद, अगदी बोट ठेवून. तो बरोबर होता. दोन्ही कागद मुंबईला आपापल्या वाडीच्या मंडळाकडे गेले.

सोमवारी सकाळी खालच्या वाडीत ढोल वाजायला लागला आणि त्याच वेळी वरच्या वाडीतली रखमाकाकी ओढा ओलांडून आली. मागे तिचा मुलगा सदू, मुंबईहून नुकताच उतरलेला, खांद्याला अजून बॅग.

"सुनील, पालखी माझ्याकडं कवा येते रे?"

"उद्या, काकी. मंगळवारी."

"मंग ह्या कागदावर सोमवार कोणी लिवला?"

सुनीलने कागद घेतला. घरं बरोबर, वेळा बरोबर. वर ठसठशीत सोमवार. त्याच्या डोळ्यांपुढे ती मॅक्रोची ओळ उभी राहिली, रेंजच्या मागे पानाचं नाव नसलेली.

सदू गेल्या पावसाळ्यात काविळीने अंथरुणाला खिळला होता. तो उठला तर त्याच्या खांद्यावर आपल्या अंगणात पालखी नाचवीन, असा रखमाकाकीचा नवस होता. सदू मुंबईत ठेकेदाराकडे वॉचमन. रजा एकच दिवसाची. मंगळवारी सकाळी गेटवर दिसला नाही तर तिथे दुसरा उभा राहणार.

सुनील येसाजींकडे धावला. "काका, आज एकदाच पालखी ओढ्यापलीकडं न्या. यंत्राला वाटलं, दोन्ही वाड्यांचा वार एकच."

"यंत्राला वाटंल. तुला कसं वाटलं?" येसाजी म्हणाले. "हितलं शेवटचं घर झाल्याबिगर पालखी ओढा वलांडत नाय. तुझ्या आज्यासाठी वलांडली नाय, तर तुझ्या मशिनसाठी?"

सदूने बॅग खाली ठेवली. दुपारभर खालच्या वाडीत लोकांच्या अंगणात खांदा देत राहिला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. रखमाकाकी फाट्यापर्यंत सोडायलाही गेली नाही.

मंगळवारी पालखी तिच्या अंगणात आली. काकीने ओटी भरली, येसाजींनी गाऱ्हाणं घातलं: सदूचा नवस पुढल्या शिमग्याला फेडून घे, बाये. मग काकीने गर्दीत बोट दाखवलं. "तू. फुडं ये."

"काकी, मला नाचवता येत नाय."

"ठावं हाय. पर माझ्या अंगणात पालखी आली नि माझ्या घरचा खांदा नाय, असं व्हायचं नाय. सदूच्या जागी लाग."

सुनील लागला. दांड्याने खांदा सोलला. ढोल एकीकडे, त्याचे पाय दुसरीकडे. वरच्या वाडीने मनसोक्त हसून घेतलं. पालखी खाली उतरली तेव्हा काकीने त्याच्या हातात नारळ ठेवला. "आता सदूला फोन तूच कर. कशी नाचली ते सांग. माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाय."

पोलादपूरच्या टेलिफोन बूथवरून त्याने ठेकेदाराच्या केबिनला फोन लावला. सदू आला.

"झाली का पालखी?"

"झाली. तुझ्या जागी मी खांदा दिला."



"मंग नाचली नसंल," सदू म्हणाला.