जादा वाटलेली तार

वडिलांची मोटारसायकल विकायचं मीच ठरवलं होतं आणि तिचं हँडल उघडून मीच चिडत बसलो होतो. घेणारा माणूस जुन्या गाड्यांचा शौकीन. डाव्या मुठीजवळचं स्विच मूळचंच हवं आणि चारही इंडिकेटर लागले पाहिजेत, ही त्याची अट. सुट्या भागांच्या दुकानात ते स्विच नेलं, तर दुकानदार म्हणाला की हे फेका आणि नवीन लावा. फेका म्हणे. जुनी वस्तू दिसली की या लोकांचे हात शिवशिवतात. मी स्विच त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि तडक सक्करदऱ्याला घरी आलो.

स्विच फुटलं ते तीन महिन्यांपूर्वी, गाडी पडली तेव्हा. वडील दुभाजकाच्या फटीतून उजवीकडे वळत होते आणि मागून आलेल्या स्कूटरवाल्यानं धडक दिली. त्यांचं मनगट मोडलं. या काकांनी इंडिकेटर दिलाच नाही, असं वडिलांकडे बोट दाखवून स्कूटरवाला शपथेवर सांगत होता. वडील म्हणत होते की दिला होता, लुकलुकताना मी स्वतः पाहिला. दवाखान्यात म्हणाले, घरी आल्यावर म्हणाले, भेटायला आलेल्या नातेवाइकांपुढे पुन्हा म्हणाले. तेव्हा माझं डोकं सटकलं. सगळ्यांना अंगणात नेलं, गाडी स्टँडवर होती, स्विचचं तोंड फुटलं होतं तरी बटण सरकत होतं, ते सरकवलं. उजवीकडचे पुढचा-मागचा असे दोन्ही दिवे लागले.

"दिवा तं चालू आहे बाबा," मी म्हणालो. "तुम्हीच विसरले असान."

कुणीतरी वय झालं म्हणालं, कुणी मान डोलावली. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ज्यांची सगळी नोकरी तारा जोडण्यात गेली, त्या माणसाला मी चार लोकांत दिवा लावून दाखवला. वडिलांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि तो विषय बंद केला.

त्यानंतर ते बदलले. गॅस बंद केला का, हे बघायला उठायचे, बसायचे आणि पुन्हा उठायचे. सकाळची गोळी घेतली का, म्हणून मला विचारायचे. फाटकाच्या कडीला तीनतीनदा हात लावायचे. मला त्याचाही राग यायचा. एकदा तर मी खेकसलोच, की आता वहीत लिहून ठेवत जा. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच वही आणली.

तर ते स्विच. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता, तो पॉलिश पेपरनं घासला. बारकी स्प्रिंग उडाली ती अर्धा तास सापडेना, तेव्हा गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. फुटलेलं तोंड चिकटवलं, तारा जागेवर बसवल्या, बटण सरकवलं. मागच्या भिंतीवर पिवळा उजेड लुकलुकू लागला. बरं वाटलं. शेवटचा स्क्रू आवळायला हात पुरेना म्हणून हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं.

भिंतीवरचा उजेड गेला. पुढचा दिवा मात्र लुकलुकतच होता.

हँडल सरळ केलं, उजेड आला. वळवलं, गेला. पाचसहा वेळा करून पाहिलं. पेट्रोलची टाकी काढली, पण तिच्याखाली काय आहे ते मला आधीच माहीत होतं. अपघाताच्या आठवडाभर आधी मीच तिथं हात घातला होता. हँडलच्या मागे तारांचा एक ढिला फेरा वडिलांनी सोडलेला होता. मला तो गबाळेपणा वाटला. मी तो कापला, टोकं जोडली आणि काळ्या टेपनं घट्ट बांधून टाकली. तो फेरा हँडल वळताना मागच्या दिव्याच्या तारेवर ताण येऊ नये म्हणून होता, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. तेव्हाही दिवे तपासले ते गाडी स्टँडवर, हँडल सरळ. नातेवाइकांसमोरही तसेच. जीव मुठीत धरून वळणाऱ्या माणसाला पुढचा दिवा दिसत होता आणि मागून येणाऱ्याला काहीच नाही.

स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं. तसाच काळ्या हातांनी आत गेलो आणि वडिलांना सगळं सांगितलं. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघाला तो चढा आवाजच.

"मंग तुम्ही भांडले काहून नाही माझ्याशी?"

"किती भांडू गा?" ते म्हणाले. "तीनदा सांगितलं. मंग मलेच वाटाले लागलं का मी विसरलो असीन."

ते उठून अंगणात आले. दुखऱ्या हातानं हँडल वळवून भिंतीकडे पाहिलं, सरळ करून पाहिलं. तोडलेली तार बोटांनी चाचपली. मला वाटलं, आता जाऊ दे म्हणतील. खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले.

"त्या दिवशी जे जे होते, त्या सगळ्यायले फोन लाव. स्पीकरवर."

पहिला फोन मी गाडी घेणाऱ्याला केला, गाडी देत नाही म्हणून. मग एकेक नातेवाईक. बाबा विसरले नव्हते, तार मी कापली होती, एवढंच वाक्य. कुणी हसले, कुणी म्हणाले अरे असू दे. वडील हसले नाहीत. चौथ्या फोनला माझे शब्द तोंडातल्या तोंडात राहिले.

"जोरानं सांग," ते म्हणाले.