चित्रात नसलेला लांडगा

आपांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट आपटायची सवय होती. आमच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांना सगळे आपाच म्हणत. माळावर कोण कोणाला खातं, याची जाळी त्या पडद्यावर काढायच्या. प्रत्येक जीव एक ठिपका, खाण्याचं नातं म्हणजे रेघ. ठिपका ओढला की अख्खं जाळं हलायचं. "बघा की, नाकतोडा ओढला तर चंडोल हलतोय!" म्हणत त्या काचेवर बोट आपटत. पडदा कायम डागाळलेला.

नुसत्या देखण्या चित्रांची त्यांना चीड होती. एका नव्या प्राध्यापकाने रंगीबेरंगी गोल जाळं दाखवलं, तर म्हणाल्या, "रांगोळी लई झकास. पण यात आपला माळ कुठंय?" बिचारा आठवडाभर आमच्याशी बोलला नाही.

मग शहराबाहेरच्या माळावर झाडं लावायची योजना आली. जणू गवताचा माळ म्हणजे ओसाड जागा! एका सल्लागार कंपनीने अहवाल केला, बैठकीत जाळं दाखवलं. त्यात लांडगाच नव्हता.

"लांडगा कुठाय?" आपा उभ्याच राहिल्या.

"त्याचं कशाशीच नातं सापडलं नाही, मॅडम. एकटे ठिपके सॉफ्टवेअर आपोआप लपवतं," सल्लागार शांतपणे म्हणाला.

या शहाण्यांनी लांडग्याची रेघ मारलेल्या मेंढरांच्या नुकसानभरपाईसाठी आलेल्या सरकारी अर्जांवरून शोधली होती. माळावर पाऊलही न टाकता! आणि आमचे धनगर असा अर्ज करतच नाहीत. पुढच्या बैठकीला आपांनी ठकूबाई धनगरणीलाच आणलं. ती म्हणाली, "वरसाला येकदोन कोकरं त्येच्या वाट्याची असत्यात. त्येचा अर्ज कसला करायचा?"

योजनेच्या मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "तोंडी माहिती धरता येत नाही."

"मग डोळ्यांनी बघितलेलं तरी धरा! चला माझ्याबरोबर, दाखवते लांडगा!" आपा ओरडल्या. कुणी जागचं हललं नाही. मला आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

योजना मंजूर झाली. कुंपण आलं, खड्डे आले, रोपं आली. ठकूबाईचा कळप दुसरीकडे वळला, पाठोपाठ लांडगेही दिसेनासे झाले.

निवृत्तीनंतर आपा मुलीकडे पुण्याला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "माळावर चला जरा." कुंपणाच्या तारेला धरून त्या आतल्या रोपांकडे बघत होत्या.

"त्यांचं चित्र तेव्हा चूक होतं," त्या म्हणाल्या. "आता बरोबर झालं."