आत्यानं ठेवलेलं नाव

तो माणूस मला आवडत नाही, हे आधीच सांगते. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात तो डेटाबेस सांभाळतो, रोज एसटीनं अचलपूरहून येतो. एंटर दाबण्याआधी बोट पँटला पुसतो. बंद पडलेलं काही सुरू करून दिल्यावर आभार मानले, की म्हणतो, "आपण काय केलं? होतंच ते." या खोट्या नम्रतेची मला चीड यायची.

माती परीक्षणाच्या आकड्यांसाठी मला वर्गमूळ काढणारं फंक्शन हवं होतं. डेटाबेसच्या पोटात ते तयारच असतं. मी एका ओळीत त्यालाच फक्त नवं नाव दिलं आणि त्या नावात माझी आद्याक्षरं घातली. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांना म्हणाले, "हे मॅडमनी स्वतः लिहिलं." मी नुसती हसले.

मग हा उठला. बोट पुसलं आणि माझी ती एकच ओळ पडद्यावर आणली.

"लिहिलं नाई साहेब, नाव ठेवलं. बारशात नाव आत्या ठेवते, म्हून लेकरू तिचं होते काय?"

सगळे खो खो हसले. मीटिंग सुटल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं.

"काहून असं केलं? बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं?"

"मले वाटलं तुमीच सांगसान, ताई. मी वाट पाहून राह्यलो होतो."

पाहत होता, हे खरंच आहे. साहेबांचं बोलणं संपल्यावर मी अख्खा चहा प्यायले, कप खाली ठेवला, तेव्हा कुठे तो उठला. म्हणून तर जास्त संताप होतो.