रसवंतीवरचं इंजिन

आमच्या दाजींइतका तयार कान अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि इतक्या तयार कानाचा इतका कमी उपयोगही दुसऱ्या कुणी करून घेतला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शिक्रापूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत गाडी शिरली की ती कुणाची, ऑइल कधी बदललंय आणि मालक क्लचवर पाय ठेवून चालवतो की कसा, हे ते आत बसून भाकरी खाता खाता सांगतात. त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांशी ते पहिलं वाक्य बोलले ते "तुमच्या गाडीचे टॅपेट वाजतायत." सोयरीक जमली ती अक्कामुळे. माझ्या स्कूटरला ते शिलाई मशीन म्हणतात. मी म्हणते, ते मशीन मला रोज सकाळी औषधांच्या दुकानात पोचवतं, मला तेवढं पुरे.

या सगळ्याच्या मुळाशी एक लाल टाकीची इटालियन मोटरसायकल आहे. दौंडचा एक रेल्वे गार्ड निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघाला होता, त्याच्याकडून दाजींनी लग्नाआधी ती घेतली. तिचा आवाज पोटातून यायचा, बाकीच्या गाड्या नुसत्या घशातून ओरडतात, असं त्यांचं मत. तो आवाज ते तोंडानं काढून दाखवतात. नातवाला, पाहुण्यांना, एकदा दातांच्या डॉक्टरांना, तेही तोंडात कापूस असताना. ती चालू कशी करायची, कोणती कळ कधी दाबायची आणि कधी दाबायची नाही, हे त्यांनी अक्काला इतक्या वेळा ऐकवलंय की ऐकताना ती आता मान वर करत नाही. लेक झाल्यावर अक्कानं बजावलं, टाकीवर बाळ बसवून मी माहेरी जाणार नाही. गाडी राहू गावच्या एका बागायतदाराकडे गेली आणि दोन वर्षांनी ती मोडीत निघाल्याचं कळलं. दाजींनी नंतर मोटरसायकल घेतलीच नाही. एसटीनं जातात. कागदावरचं नाव मात्र बदलायचं राहून गेलं होतं, आणि ते आरसी बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते तीस वर्षं खिशात बाळगत आले. पाकिटात बायकोचा फोटो नाही, हे अक्का मला वर्षातून दोनदा तरी सांगते.

मागच्या मार्चमध्ये सोलापूरहून जावयाचा फोन आला. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला दोन आठवडे बाकी होते, पण तिला सकाळीच दवाखान्यात हलवावं लागलं होतं. दौंडला सोलापूरची रेल्वे पकडायची म्हणून मी कार काढली. अक्का पुढे बसून देवाचं नाव घेत होती, दाजी मागे. न्हावऱ्याला उसाच्या ट्रॉल्यांनी वीस मिनिटं खाल्ली. एसी बिघडलेला, काचा खाली. पारगावचा पूल ओलांडून थोडं पुढे आलो आणि दाजी म्हणाले, "मेहुणीबाई, गाडी थांबवा." मला वाटलं, त्यांना मळमळतंय. मी थांबले. ते उतरले आणि आलो त्या दिशेला चालू लागले.

मागे रस्त्याकडेला हिरव्या नेटखाली एक रसवंती होती. चरकाला घुंगरं बांधलेली, आणि पट्ट्यानं चरक फिरवत होतं लोखंडी सांगाड्यात बसवलेलं एक जुनाट इंजिन. मी पोचले तेव्हा दाजी त्याच्यापुढे उकिडवे बसून त्यावर कोरलेला नंबर रुमालानं पुसत होते. मग त्यांनी पिशवीतून बुक काढलं, एकेक आकडा बोटानं ताडून पाहिला आणि उभे राहिले.

"हे इंजिन माझं हाय," ते म्हणाले.

रसवंतीवाली माझ्याच वयाची, हातात ऊस तासायचा कोयता. तिनं तो खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि ते बुक पहिल्या पानापासून वाचलं.

"मालक दिवाळीत गेले," ती म्हणाली. "दोन पोरी ह्याच्यावर शिकत्यात. कागद तुमचा आसंल मामा, पण पट्ट्याला हात लावू नका."

दाजींनी बुक परत घेतलं आणि पुन्हा नंबराकडे पाहिलं. त्या माणसाला मी तीस वर्षांहून जास्त ओळखते, पण ते आता काय करतील हे मला त्या घटकेला सांगता आलं नसतं. कागद त्यांच्या बाजूनं होता. तिकडे अक्का कारमधून हाका मारत होती. मी सांगितलं, पाच मिनिटांत निघतेय, तुमच्यासकट नाहीतर तुमच्याविना.

"बंद कर ते," दाजी बाईला म्हणाले.

"न्हाई."

मग हळूहळू कळलं. इंजिन चालू करणं फक्त तिच्या नवऱ्याला जमायचं. तो गेल्यापासून ती सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातापाया पडून किक मारून घ्यायची, आणि एकदा चालू झालं की संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही. गिऱ्हाईक नसलं तरी चरक रिकामा फिरायचा.

"आत खळखळतंय ते ऐक," दाजी म्हणाले. "तेल संपलंय. आठ दिवसांत पिस्टन धरंल, मग ना तुझं ना माझं."

"आन् परत चालू न्हाई झालं तर?"

"तर ह्या मेहुणीबाई तुला नवी मोटर आणून देतील."

मला कुणी विचारलं नव्हतं. बाईनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. घुंगरं थांबली.

दाजींनी माझ्या डिकीतलं ऑइल ओतलं, प्लग काढून पुसला, परत बसवला आणि किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, सातवी. शर्ट पाठीला चिकटला, दुखरा गुडघा हातानं दाबत ते पुढची किक मारत होते. प्रत्येक किकआधी ते कार्बोरेटरची बारीक कळ घाईघाईनं दाबत होते, आणि पेट्रोल खाली ओघळत होतं. बाईनं पदर तोंडाला लावला. गाडी सुटायला पाऊण तास उरला होता. अक्का कारमधून उतरून आली. आता ती दाजींना सगळ्यांसमोर फाडून खाणार, असं मला वाटलं.

"तापल्यावर ती कळ दाबायची न्हाई," अक्का म्हणाली. "तुम्हीच सांगता की रोज. दम घ्या जरा, मग मारा."

दाजींनी कळ सोडली. दम घेतला. किक अडेपर्यंत हलक्या पायानं खाली आणली आणि एकदाच मारली.

चालू झालं. आवाज मला ट्रॅक्टरपेक्षा फार वेगळा वाटला नाही, खोटं कशाला सांगू. पण दाजींचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. त्यांनी बुक खिशात ठेवलं, इंजिन पुन्हा बंद केलं आणि बाईकडून तीनदा चालू करून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं त्यांच्याकडे न बघता किक मारली. दौंडला गाडी उशिरा आली म्हणून मिळाली, आणि त्याचंही श्रेय दाजींनी घेतलं. सोलापूरला नात झाली, दोघी सुखरूप.

तेव्हापासून दाजी दर सोमवारी एसटीनं तिथं जातात. साखर आहे म्हणून अर्धाच ग्लास, बिनबर्फाचा. गेल्या सोमवारी दौंडहून परतताना मी तिथं थांबले. माझ्यासमोर बाईनं एका किकमध्ये इंजिन चालू केलं आणि रस काढायला लागली. एवढ्यात फाट्यावर एसटी थांबली. दाजी उतरले आणि गुडघा सांभाळत येऊ लागले. बाईनं त्यांना पाहिलं. ऊस चरकात अर्धा गेलेला, चार गिऱ्हाइकं ताटकळत उभी. तिनं हात लांबवून बटण दाबलं.

"मामा, परत बंद पडलं बघा," ते जवळ आल्यावर ती म्हणाली. "माझ्याच्यानं काय व्हईना."

दाजींनी तिला चार शब्द सुनावले, खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली आणि बाह्या वर करून खाली बसले. गिऱ्हाइकं रिकामे ग्लास घेऊन उभीच राहिली. रोजची असावीत, कारण घाई एकानंही केली नाही.