पेपर फोडणाऱ्याची पोरगी

आमच्या नववीच्या इतिहासात पंधराव्या शतकाच्या मध्याला दोनच गोष्टी घडल्या होत्या. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि जर्मनीतल्या एका कारागिराने अक्षरांचे सुटे खिळे जुळवून पुस्तक छापलं. बाकीचं जग तेवढी वर्षं बहुधा झोपा काढत होतं. त्याच वेळी इकडे बिदरला बहमनींची राजधानी होती, मग श्रीगोंद्याला, आमच्या मूळ गावाकडे, माणसं तेव्हा कशी जगत होती, असं मी एकदा वर्गात विचारलं. सर म्हणाले, "ते परीक्षेला नाही." विषय संपला.

छापखान्याचा धडा शिकवताना तर त्यांनी कमालच केली. एकेक अक्षर हाताने जुळवून छापायची ही पद्धत आता कुठे बघायला मिळायची नाही, असं त्यांनी ठोकून दिलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, नगरमध्ये कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून देणारी एक-दोन दुकानं निघाली होती, एवढाच त्याला आधार. मी हात वर करून म्हणाले, "सर, माझे वडील रोज तेच करतात." वर्ग हसला. सर म्हणाले, "बस खाली."

अण्णा नगरमध्येच, शाळेपासून सायकलने दहा मिनिटांवर असलेल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. लाकडी खणांच्या उतरंडीपुढे दिवसभर उभं राहायचं, खणातून उलट्या अक्षराचा खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत लावायचा, पुन्हा पुढचा. त्यांचे डोळे मजकूर उलटाच वाचायचे. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन गेले की मी तासभर तिथेच रेंगाळायचे. सगळं बघून पाठ झालं होतं.

परीक्षा जवळ आल्या की मात्र हे बंद. आजूबाजूच्या काही शाळा मिळून एकच प्रश्नपत्रिका काढायच्या आणि ती अण्णांच्या छापखान्यात छापली जायची. त्या दिवसांत कामगार घरी निघताना आपापले खिसे उलटे करून दाखवायचे आणि बिघडलेले कागद मागच्या अंगणात जाळले जायचे. अण्णा याच्या चार पावलं पुढे. मी डबा आणला तर ते बाहेर रस्त्यावर येऊन घ्यायचे आणि मला तिथूनच पिटाळायचे. घरी माझ्या पुस्तकाला बोटसुद्धा लावायचे नाहीत.

त्या सहामाहीच्या आधी मी छापखान्याचा धडा घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, पुस्तकात चारच ओळी आहेत, तुम्ही नीट सांगा.

"परीक्षा झाल्यावर इचार," ते म्हणाले.

"झाल्यावर काय उपयोग?"

"मंग नको इचारू."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जिचा बाप हेच काम करतो, त्या पोरीने हाच धडा घोकायचा, आणि बाप गप्प. असला हट्टी माणूस माझ्याच नशिबी का, असं मला वाटत होतं.

पेपरात पाच मार्कांना तोच प्रश्न आला. मुद्रणकलेचा शोध व तिचे परिणाम. मग मी हात आखडला नाही. चार पानं लिहिली. खिळा कसा असतो, अक्षर उलटं का लागतं, ओळीत फट पडू नये म्हणून काय घालतात, छापून झाल्यावर तेच खिळे सोडवून पुन्हा खणात कसे टाकतात आणि म्हणून त्याच खिळ्यांवर कितीही पुस्तकं कशी निघतात. खणांचं चित्रसुद्धा काढलं. परीक्षेत एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

पेपर वाटले तेव्हा सगळ्यांना मिळाले, मला नाही. सरांनी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं.

"प्रश्न आधीच माहीत होता ना?" सरांनी विचारलं. "यातलं काहीच पुस्तकात नाही. गाईडमध्येही नाही."

मी म्हटलं, बघून लिहिलंय. छापखान्यात बघून.

"तुमच्याकडची मुलं अशी चार-चार पानं लिहीत नाहीत," सर म्हणाले. शांतपणे, हवापाण्याचं बोलावं तसं. तुमच्याकडची म्हणजे कुठली, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. मलाही. आमची वस्ती आणि छप्पन्न साली आजोबांनी घेतलेला बौद्ध धर्म, दोन्ही शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं होतं. माझे कान तापले. आज हे लिहितानाही तापतात.

मुख्याध्यापकांनी सांगितलं, छापखान्याच्या मालकांना पत्र गेलंय, पेपर फुटल्याचा संशय आहे म्हणून. उद्या वडिलांना घेऊन ये. आळ खरा ठरला असता तर अण्णांची नोकरी त्याच दिवशी गेली असती आणि नगरमधल्या दुसऱ्या कुठल्याही छापखान्याने त्यांना दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. खोलीत खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा असं कुणी म्हणालं नाही.

"तुम्ही मुलीला प्रश्न सांगितला होता का?"

"न्हाई."

"मग हे तिला आलं कुठून?"

अण्णांनी माझा पेपर मागितला आणि उभ्यानेच वाचायला लागले. ओळ न् ओळ, प्रूफ वाचतात तसं बोट फिरवत. सर घड्याळ बघत होते. तिसऱ्या पानावर अण्णांचं बोट थांबलं.

"ह्ये काय लिव्हलंस? खिळा नुसत्या शिशाचा?"

मी मानेनेच हो म्हटलं. घरी आई रोज त्यांना हात चोळून धुवायला लावायची, शिसं पोटात जाईल म्हणून. मला तेवढंच माहीत.

अण्णा मुख्याध्यापकांकडे वळले. "सायेब, निव्वळ शिशाचा खिळा दाबाखाली चेपतो. त्यात कथील आन् अँटिमनी घालाया लागतं. नवशिका कामगार पैल्या हप्त्यात शिकतो ह्ये. प्रश्न फोडून उत्तर मी शिकवलं असतं, तर माज्या पोरीनं ही चूक केली असती का?"

त्यांनी पेपर सरांपुढे ठेवला.

"मार्क कापा," अण्णा सरांना म्हणाले. "चूक हाय ती."

जी चूक सरांना दिसली नव्हती, दिसणं शक्यच नव्हतं, तिच्यापुढे त्यांनी मुकाट लाल पेनने फुली मारली. पाचातले चार दिले. मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही." माफीचा चकार शब्द नाही.

फाटकाबाहेर मी अण्णांवरच ओरडले. मार्क कशाला कापायला लावला?

"चुकीचं तसंच ऱ्हाऊ द्यायचं व्हय?" म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून कामावर गेले.

आठवड्याने कळलं की मालकांनी त्यांना पेपरांच्या कामावरून काढून लग्नपत्रिकांवर बसवलंय. शाळेचं संशयाचं पत्र मालकांच्या टेबलावर तसंच होतं. संशय फिटला हे कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. अण्णा सांगायला जाणार नव्हते. पंधरा वर्षं इमानाने काम केल्यावर आपणच आपली साक्ष कशाला द्यायची, असं त्यांचं म्हणणं.

मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि दुसरं पत्र मागितलं.

"एवढ्याशा गोष्टीला पत्र कशाला?"

"मग पहिलं कशाला लिहिलं होतं, सर?"

त्यांनी मला वर्गात जायला सांगितलं. मी गेले नाही. दोन तास दारात उभी राहिले. शिपाई दोनदा हाकलून गेला, येणारे-जाणारे शिक्षक बघत होते, पण मी हलले नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी वैतागून कागद ओढला, लिहिलं, शिक्का मारला आणि माझ्यापुढे टाकला. मी तिथेच उभ्याने वाचला. छापखान्याच्या मालकांच्या नावे दोनच ओळी होत्या. पेपर फुटल्याचा संशय निराधार आढळला, असं लिहिलं होतं. संशय कुणी घेतला होता आणि का, ते त्यात कुठेही नव्हतं.